वीणेच्या गळ्यावरची पांढरी रेघ

तंजावरात मराठी बोलणारी एक बाई फोटो स्टुडिओ चालवायची, याची संपादकांना गंमत वाटली असावी. म्हणून त्यांनी हा लेख मागितला. मला त्यात काही गंमत दिसत नाही. तीस वर्षं दुकानाचं शटर मीच वर ढकललं आणि त्यात गुडघे माझेच गेले. आमच्या घराण्याला इथे येऊन किती पिढ्या झाल्या हे आता कोणी मोजत नाही. घरात मराठी, दारात तमिळ. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले आणि पुढे पुण्याहून येणारे दिवाळी अंक वाचून लिहायची हौस लावून घेतली. त्यामुळे लिहिताना मी पुस्तकासारखी लिहिते, आणि बोलायला लागले की तिकडची पाहुणे मंडळी माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

लग्नाचे आणि पासपोर्टचे किस्से प्रत्येक फोटोवाला सांगतो. मी फिल्टरबद्दल सांगणार आहे. फिल्टर म्हणजे कड्यात बसवलेली काचेची चकती, लेन्सच्या तोंडावर फिरवून घट्ट करायची. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना वाटायचं की फिल्टर फोटोत काहीतरी घालतो. तसं नाही. गाळणीने चहात साखर पडते का? फिल्टर फक्त काढतो. नारिंगी काचसुद्धा नारिंगी रंग घालत नाही, निळा उजेड अडवते एवढंच. ही एवढी गोष्ट ज्याला कळली त्याला अर्धा धंदा कळला. उरलेला अर्धा धंदा म्हणजे काय काढायचं ते ठरवणं, आणि तिथे मी स्वतः तोंडावर आपटलेली आहे.

वडिलांच्या काळात काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी पिवळ्या, तांबड्या, हिरव्या काचांची एक पेटी होती. बाजार खुला झाला, परदेशी माल उघडपणे दुकानात दिसायला लागला, तशी त्या पेटीत मीही भर घातली. मग माझ्या चुलतभावाने सिंगापूरहून डिजिटल कॅमेरा आणला आणि पेटीतल्या निम्म्या काचा एका दिवसात बिनकामाच्या झाल्या. सकाळच्या फिक्या उजेडाला जरा ऊब यावी म्हणून मी पिवळसर काच लावली, तर कॅमेऱ्याला वाटलं बाईंची काहीतरी चूक झाली, आणि त्याने ती ऊब आपल्या अकलेने पुसून टाकली. रंगाचं काम कॅमेरा आतल्या आत करतो, त्यासाठी काच नको, हे समजायला मला चार रोल नव्हे, चारच मिनिटं लागली. डिजिटलचा हा मोठाच उपकार, की चूक जागच्या जागी दिसते.

लोकांच्या मागण्या मात्र कॅमेरा बदलला म्हणून बदलल्या नाहीत. तिरुवैयारूचे एक गृहस्थ मे महिन्यात आले. घाटावर उभं राहून फोटो हवा होता, मागे भरलेली कावेरी. मे महिन्यात कावेरीत वाळू असते आणि वाळूत क्रिकेट चालतं. मी तसं म्हटल्यावर ते मला समजावू लागले, "फिल्टर लावा की, अम्मा!" एका लॉजच्या मालकाला मोठ्या देवळाचा सूर्यास्त हवा होता, आणि वेळ होता सकाळी अकराला. तिथे मी मोहाला बळी पडले. वर नारिंगी, खाली कोरी अशी अर्धी काच लावली आणि दिला त्याला भर अकराचा सूर्यास्त. खुश होऊन त्याने तो हातभर मोठा करून दारातच टांगला. महिनाभराने देवळातले एक म्हातारे पुजारी, गुरुक्कळ, तो बघून मला म्हणाले, "अम्मा, सावल्या पायाखाली आहेत. तुमचा सूर्य डोक्यावरच मावळतो वाटतं?" त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या लॉजसमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जात असे.

डिजिटलच्या जमान्यातही ज्याला पर्याय नाही असा फिल्टर म्हणजे पोलरायझर. पाण्यावर, पानांवर, काचेवर, रंगावर जो पांढरा तकाकीचा पापुद्रा दिसतो तो हा काढतो. त्याचं पुढचं कडं फिरतं. फिरवत गेलं की एका जागी तकाकी जाते, आणखी फिरवलं की परत येते. भाताच्या शेताचा फोटो बिनफिल्टरचा घ्या, पानांवरची चमक मिसळून हिरवा फिका येतो, पोलरायझर लावा, तोच हिरवा असा गडद होतो की बियाण्याच्या कंपनीचा माणूस मला विचारत होता, "कॉम्प्युटरवर रंगवलं का?" फक्त धातूपुढे याचं काही चालत नाही. सोन्या-पितळेची झळाळी तो काढू शकत नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मी एका लग्नात माती खाल्ली. नवरी आमच्यातलीच, नऊवारी पट्टू म्हणजे रेशमी लुगडं, हिरवंगार जरीकाठी, मंडपाबाहेर नारळीच्या सावलीत उभी. मी मोठ्या ऐटीत पोलरायझर लावला. लग्नं मी तेव्हा अजून फिल्मवरच काढायची, त्यामुळे फोटो धुऊन आले तेव्हाच दिसलं, दागिने लखलखत होते आणि रेशमाचं तेज साफ गेलं होतं. नवरीच्या आईने अल्बम माझ्यापुढे टाकला. "हें पट्टू कीं कॉटन, अंबुजा? कांजीवरास जाऊन दोन दिवस बसून निवडलेलें पुडवं, आणि तुवां त्यास फडकें केलेंस!" तिचं खरं होतं. रेशमाची चमक हाच रेशमाचा जीव, आणि तोच मी गाळून टाकला होता. त्या दिवशी मी ठरवलं की शोभेची, चमकणारी वस्तू असेल तर पोलरायझर घरीच ठेवायचा.

हा निर्णय मला पुढे फार महागात पडला असता. मला म्हणजे, वेलायुधम आसारींना.

आसारी वीणा करायचे. आमच्याकडे बहुतेक वीणा तुकडे जोडून करतात. गोल पोटाला कुडम म्हणतात. ते वेगळं, दांडी वेगळी, टोकाचं याळीचं, म्हणजे देवळाच्या खांबांवर असतो त्या सिंहासारख्या प्राण्याचं, तोंड वेगळं. एकांड वीणा म्हणजे वरची झाकणाची फळी सोडली तर हे सगळं फणसाच्या एकाच खोडातून कोरून काढलेलं, कुठे सांधा नाही. असं खोड मिळायला वर्षं जातात आणि कोरताना शेवटच्या दिवशी छिन्नी घसरली तरी सगळं फुकट. आसारींनी जन्मात मोजक्याच एकांड वीणा केल्या. मी सांगते ती त्यांची शेवटची, कारण ती करता करताच त्यांच्या हातांना कंप सुटला. चहाचा पेला धरला तरी बशीत वाजायचा.

ती वीणा कॅनडातल्या एका तमिळ कुटुंबाने मागवली होती, मुलीला शिकवायला. तिरुवैयारूच्या एका वाध्यारांनी, म्हणजे वीणा शिकवणाऱ्या गुरुजींनी, आसारींचं नाव सुचवलं होतं. पत्रव्यवहार आसारींची मुलगी मल्लिका बघायची. तिशीची, शांत, वडिलांच्या हाताखाली पॉलिश करायची, आणि ब्राउझिंग सेंटरात जाऊन दोन बोटांनी ईमेल टाइप करायची. पाठवण्याआधी त्यांना फोटो हवेत म्हणून मी कॅमेरा घेऊन गेले. आसारींच्या दारापुढे चटईवर वीणा आडवी ठेवून तिच्या पाठीचे, कुशीचे, सगळीकडचे फोटो घेतले. पॉलिश आरशासारखं होतं. पट्टूचा धडा ताजा, तेव्हा पोलरायझर घरी. फोटो झकास आलेत असं मीच म्हटलं, आणि मल्लिकाने ते पाठवले.

आठवड्याने सरस्वतीपूजा आली. आमच्याकडे त्याच दिवशी आयुधपूजा. ज्याचं जे हत्यार ते देवापुढे मांडायचं, गंध-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या सकाळी पुन्हा पूजा करून उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सुतार करवत मांडतो, विद्यार्थी वह्या मांडतो, बसला केळीचे खांब बांधतात. माझे कॅमेरे, लेन्सा, कात्री सगळं मांडलेलं होतं. दुपारी मल्लिका सायकलवरून आली. हातात ईमेलचा छापील कागद.

"अक्का, हे वाच," ती म्हणाली.

कॅनडातल्या त्या मुलीच्या गुरुजींनी फोटो पाहिले होते. कुडम आणि दांडी जिथे मिळतात त्या गळ्यावर त्यांना एक आडवी पांढरी रेघ दिसली. नेमक्या त्याच जागी जोडवीणेचा सांधा असतो. सांध्यात लांबीचा लगदा भरून वर पॉलिश केलं आहे, एकांड म्हणून जोडवीणा खपवली जात आहे, असं त्यांचं मत. कुटुंबाने सभ्यपणे लिहिलं होतं की वीणा नको. मुलीचा पाठ विजयादशमीला सुरू व्हायचा आहे, तेव्हा त्या सकाळी तिथल्याच दुकानातली एक वीणा घेऊन टाकतील. आणि हे सगळं त्यांनी तिरुवैयारूच्या वाध्यारांनाही कळवलं होतं.

"अप्पा काय म्हणतात?" मी विचारलं.

"सकाळपासून देवासमोर बसलेत. जेवले नाहीत. मला म्हणाले, चाळीस वर्षांत मला कोणी चोर म्हटलं नव्हतं."

मी फोटो पुन्हा बघितले. रेघ होती. घेताना मला दिसली नव्हती, आता दुसरं काही दिसेना. तकाकी होती ती, हे मला कळत होतं. पण तोंडाने सांगून कोण ऐकणार? एका म्हाताऱ्या माणसाचं नाव माझ्या फोटोने घालवलं होतं. मी तशीच उठून देवघराकडे निघाले.

आमचे हे ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकून. पूजेच्या बाबतीत सरकारपेक्षा कडक. दारातच आडवे आले. "आज कॅमेऱ्यास हात लावायचा नाहीं."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे तर कुठें चाललीस?"

पूजा मोडू म्हटलं तर माझ्याने मोडवली नसती, आणि आसारींच्या घरी वीणाही पूजेतच मांडलेली. ती तर त्यांनी कोणाला उचलूच दिली नसती. तेवढ्यात मल्लिका बोटं मोजत म्हणाली, "अक्का, त्यांची घड्याळं आपल्यामागे साडेनऊ तास आहेत. आपली उद्याची सकाळ म्हणजे त्यांची अजून आजची संध्याकाळ." आमचे हे खुर्चीत बसले, स्वतः बोटं मोजली आणि म्हणाले, "मग पहाटेसच पूजा करून उचलून देतो. त्यांत काय अडचण?" विजयादशमी दोन्हीकडे एकच, पण आमच्याकडे आधी उजाडते, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचलं नव्हतं.

पहाटे आरती झाली आणि मी पोलरायझर उचलला. काचेच्या बरोब्बर मधोमध रुपयाएवढं गंध, त्यावर कुंकू.

"अहो, हें काय केलेंत? काचेस कशाला?"

"आयुधपूजेस आयुधांस गंध लावायचें कीं नको?"

"कड्यास लावायचें. मधोमध कशाला?"

"कोपऱ्यांत लावलें तर देवीस कसें दिसणार?"

कुंकू कोरडं पुसलं तर काचेवरच्या लेपावर ओरखडे उठतात, म्हणून मी ती नळाखाली धरली आणि पाण्यालाच काम करू दिलं. काच निघाली स्वच्छ. पण गंध कडेच्या फटीत जाऊन वाळलं होतं आणि फिरणारं कडं फिरेना. पोलरायझरचं कडं फिरत नसेल तर तो नुसती महागडी गडद काच. मी तसंच सगळं मोपेडवर घातलं आणि आसारींच्या गल्लीत पोचले.

आभाळ भरलेलं, उजेड दुधासारखा. आसारींनी वीणेला नमस्कार करून ती स्वतः बाहेर आणायचा प्रयत्न केला, हात थरथरले, मल्लिकाने खालून आधार दिला. कडं अडकलंय म्हटल्यावर आसारींनी हात पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, मागे घेतला आणि मुलीकडे बघितलं. मल्लिकाने वीणेचे पडदे ज्यात बसवतात ते मेण खरवडायची सुईसारखी पातळ पट्टी घेतली आणि कड्याच्या फटीतून गंध टिपून काढलं. काचेपासून केसभर अंतरावरून पट्टी फिरत होती आणि तिचा हात तसूभर हलला नाही. कडं सुटलं.

आता रेघ शोधायची. चटई त्याच जागी, वीणा तशीच कुशीवर, मी तिपाईवर कॅमेरा लावून त्याच बाजूला. रेघ नव्हती! आभाळाची सगळीकडे पसरलेली पांढुरकी तकाकी होती, पण ती आडवी, सांध्यासारखी रेघ कुठेच नाही. मी इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मला वाटलं होतं नारळाचं झाड असेल, नाहीतर समोरची भिंत. झाड तिथेच, भिंत तिथेच, आणि गळा मात्र कोरा. रेघच सापडली नाही तर ती तकाकी होती हे दाखवणार कसं? माझा वेळ चालला होता आणि मी मल्लिकावर उगाच ओरडत होते.

आसारी ओट्यावर बसले होते. त्यांना राहवेना. उठून आले आणि वीणेच्या टोकाशी, हात जोडून, खाली बघत उभे राहिले.

गळ्यावर रेघ उमटली.

"हलू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की गल्लीतली दोन दारं उघडली. "अय्या, हलू नका. त्या दिवशीही तुम्ही इथेच उभे होतात का?"

"मग कुठे उभा राहणार, अम्मा?" ते तमिळमध्ये म्हणाले. "तिला एकटीला कशी सोडणार?"

त्यांची पांढरी वेष्टी, कमरेचं धोतर. गळ्याशी लाकूड जिथे आत वळतं तिथे त्या वळणात अख्ख्या वेष्टीचं प्रतिबिंब दबून बोटाएवढी आडवी रेघ झाली होती. आपल्या वीणेत सांधा स्वतः आसारींनीच पाडला होता, तिच्याजवळ उभं राहून. मी त्यांना हे सांगितलं. ते आधी वेष्टीकडे, मग वीणेकडे बघत राहिले, आणि बाजूला सरकायला लागले. मी म्हटलं, "सरकायचं नाही. आज तुम्ही तिथेच हवेत."

ते नसतानाचा नुसता फोटो काढला असता तर गुरुजी म्हणाले असते, आता सांधा नीट झाकला. मला रेघ हवीच होती. रेघ असलेला एक फोटो आणि, कॅमेरा, वीणा, आसारी काहीच न हलवता, रेघ नसलेला दुसरा. मी कडं फिरवलं. रेघ जेमतेम फिकट झाली. पुन्हा फिरवलं, तेच. मग डोकं ठिकाणावर आलं. मी वरून बघत होते. पोलरायझर समोरासमोरची तकाकी काढत नाही. त्याला तिरकस नजर लागते. मी तिपाईचे पाय आखडले आणि त्या गुडघ्यांसकट चक्क रस्त्यावर पालथी पडले. तिरकस नजरेने कॅमेरा लावला, तिथून रेघ पुन्हा पकडली. एक फोटो घेतला. मग कडं हळूहळू फिरवत गेले.

रेघ विरघळली. आणि तिच्याखालून लाकूड वर आलं. स्वच्छ पाण्याखालची वाळू दिसावी तसं. फणसाच्या पिवळ्या-तांबूस शिरा कुडमाच्या पोटातून निघून, गळ्याच्या वळणावरून, कुठेही न तुटता थेट दांडीत गेल्या होत्या. जोडलेल्या लाकडात हे होऊच शकत नाही. दोन खोडांच्या शिरा कोणी एकमेकींत ओवू शकत नाही. पितळेचे पडदे आणि तारा मात्र तशाच झळकत होत्या. पट्टूच्या वेळी ज्याने माझी नाचक्की केली त्याच फिल्टरने आता जे हवं तेवढंच काढलं होतं. मी दुसरा फोटो घेतला आणि रस्त्यावर पडल्या पडल्या हसायला लागले.

आसारींना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही दाखवले. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून मल्लिकाला पांढरं कापड धरून त्यांच्या जागी उभं केलं, त्यांचं बोट कड्यावर ठेवलं आणि फिरवायला सांगितलं. कंपामुळे रेघ लुकलुकत गेली, लुकलुकत आली. त्यांनी ते कितीदा केलं! शेवटी रेघ गेलेली असताना थांबले आणि गळ्याकडे फार वेळ बघत राहिले. मला वाटलं आता हसतील. ते हसले नाहीत. मल्लिका तोंड फिरवून कापडाची घडी घालायला लागली.

ब्राउझिंग सेंटरच्या मालकाने कॉम्प्युटरांची पूजा उरकून नुकतंच दार उघडलं होतं. पहिले गिऱ्हाईक आम्ही. दोन्ही फोटो आणि खाली मी सांगितलेल्या चार ओळी: दोन फोटोंत काहीही हललेलं नाही, फक्त फिल्टरचं कडं फिरलं आहे, पांढरी रेघ म्हणजे वीणा करणाऱ्याची वेष्टी. फोटो जायला अर्धा तास लागला. मग आम्ही समोरच्या दुकानात इडली खाल्ली. मी सहा खाल्ल्या.

उत्तर यायला दुसरा दिवस उजाडला. त्या दिवशी आसारी जन्मात पहिल्यांदा ब्राउझिंग सेंटरात आले. प्लास्टिकच्या स्टुलावर ताठ बसले, मी मागे उभी. मल्लिकाने वाचायला सुरुवात केली. कुटुंबाने दुकानातली वीणा घेतली नव्हती. वीणा लवकर पाठवा, तोवर मुलगी गाऊन शिकेल, असं लिहिलं होतं. तिरुवैयारूच्या वाध्यारांना त्यांनी त्याच रात्री फोन केला होता. खाली गुरुजींनी स्वतः लिहिलं होतं: माझी चूक झाली, आसारींची क्षमा मागतो. आणि एक सांगतो, इतक्या वर्षांत गळ्याचा इतका सुरेख उतार मी क्वचितच पाहिला. ज्या हातांनी तो कोरला त्यांना माझा नमस्कार.

मी टाळ्या वाजवल्या. सेंटरवाल्यानेही वाजवल्या. चोर ठरवलेल्या माणसाला कॅनडातून नमस्कार आला होता. मला स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी आवरेना आणि आवरायची इच्छाही नव्हती. मल्लिका मात्र शेवटच्या ओळीपाशी थांबली होती.

आसारी म्हणाले, "उत्तर लिही."

"काय लिहू, अप्पा?"

"लिही, नमस्कार पोचला नाही. गळा माझ्या हातचा नाही."

मल्लिका वळली. "अप्पा, नको."

"लिही. कुडम मी कोरलं, दांडी मी कोरली. गळ्यापाशी आलो आणि हात कापायला लागले. पुढचं माझ्या मुलीने कोरलं. विकत घेणाऱ्यांना चालणार नाही म्हणून मी कोणाला सांगितलं नाही."

"ते वीणा परत करतील, अप्पा. आत्ताच तर सगळं नीट झालंय."

"करू देत," आसारी म्हणाले. "माझ्या वीणेत सांधा लपवला म्हणाले तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. आणि लपवलेलं तर होतंच. लिही."

तिने लिहिलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. मी मागून वाचत होते, म्हणून सांगते: तिने आपलं नाव लिहिलं नव्हतं, नुसतं "माझी मुलगी" असं लिहिलं होतं. आसारींना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी मला विचारलं, "नाव आहे का, अम्मा?" मी नाही म्हटलं. त्यांनी तिला ते घालायला लावलं.

याचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. मल्लिका सायकल हाणत माझ्या दुकानात आली आणि कागद टेबलावर ठेवून धापा टाकत उभी राहिली. आजवर तिकडून येणारी सगळी पत्रं वेलायुधम आसारींच्या नावाने असायची. हे गुरुजींनी लिहिलं होतं. त्यांना स्वतःसाठी एक एकांड वीणा हवी होती, खोड मिळायला कितीही वर्षं लागोत, थांबायची त्यांची तयारी होती.

वर लिहिलं होतं: मल्लिका आसारी यांना, नमस्कार.